माझा काटा परत लावू नका

मित्रांनो, मी छऱ्याची बंदूक आहे. जुनी, आणि काटा नसलेली. हे ऐकल्याबरोबर तुमच्यापैकी कुणी "अरेरे" म्हणणार असेल, तर त्याने ते आत्ताच गिळून टाकावं. माझा काटा हरवलेला नाही, गंजून गळलेला नाही, की कुणा धांदरटाने मला आपटल्यामुळे तुटलेला नाही. तो भर गर्दीत, दिव्यांच्या उजेडात, पक्कड लावून मोडण्यात आला. माझ्यासाठी कुणी आजवर केलेली ती सगळ्यांत चांगली गोष्ट आहे. तेव्हा हळहळ नको. ऐकायचं तर सरळ ऐका.

काटा म्हणजे काय, ते आधी सांगते. बंदुकीच्या नळीच्या टोकावर एक बारीकसा उभा खिळा असतो, तो काटा. मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्याजवळ, पत्र्याची एक छोटी खाच असते. एक डोळा मिटायचा, खाचेतून काटा बघायचा, काट्याच्या टोकावर फुगा ठेवायचा आणि चाप ओढायचा. भलेभले असाच नेम धरतात आणि त्यात वाईट काहीच नाही. फक्त काटा सरळ हवा.

माझा सरळ होता. कारखान्यात बंदुका जुळवणाऱ्या कारागिराने मला घट्ट आवळून कागदावर छर्रे मारून पाहिले होते, बारीक हातोडीने काटा जरासा इकडे, जरासा तिकडे ठोकला होता, आणि छर्रा कागदाच्या मधोमध लागेपर्यंत तो जेवायला उठला नव्हता. दस्ता चांगल्या लाकडाचा, नळी निळसर काळी. दुकानाच्या काचेत मी उभी होते तेव्हा मला वाटायचं, आपल्याला कुणीतरी मोठा नेमबाज घेऊन जाणार.

घेऊन गेला एक गाळेवाला. गावोगाव फिरणाऱ्या आनंदमेळ्यात त्याचा फुगे फोडायचा गाळा होता. मागे लाकडी फळा, त्यावर रांगांनी अडकवलेले फुगे, फळ्यामागे ताडपत्रीच्या घड्या, पुढे आडवी फळी आणि फळीवर आम्ही तिघी बंदुका. बाजूला बक्षिसं मांडलेली होती: कंगवे, कपबश्या, प्लास्टिकची घड्याळं. सगळ्यांत वर एक कापडी अस्वल टांगलेलं होतं. ते इतकी वर्षं टांगलेलं होतं की उन्हाकडची त्याची बाजू विटून पिवळी पडली होती, आणि आपल्याला कुणी जिंकून नेईल ही आशा त्याने केव्हाच सोडली होती.

पहिल्याच दिवशी मालकाने मला मांडीवर आडवं घेतलं. मला वाटलं, तेल देणार. त्याने खिशातून पक्कड काढली, माझा काटा तिच्या चिमटीत धरला आणि डावीकडे वाकवला. केसभरच. बघणाऱ्याच्या डोळ्याला कळणार नाही इतका.

"आता झालीस कामाची," तो म्हणाला.

काटा डावीकडे वाकला की छर्रा उजवीकडे जातो. माणूस नेम अगदी बिनचूक धरतो, चाप हळुवार ओढतो, आणि छर्रा फुग्याला वळसा घालून ताडपत्रीत जाऊन बसतो. मग माणूस स्वतःलाच बोल लावतो. कुणी म्हणतो हात हलला, कुणी म्हणतो चष्मा घरी राहिला, कुणी म्हणतो मागून धक्का लागला. त्यांच्या बायका हसायच्या, मुलं हिरमुसायची. बंदुकीवर मात्र सहसा कुणी शंका घेत नसे. चकचकीत वस्तूवर लोकांचा भारी विश्वास असतो.

आता तुम्हाला वाटेल, मी मान खाली घालून म्हणेन, "मित्रांनो, मी लोकांना फसवलं." मुळीच म्हणणार नाही. फसवत होता तो काटा, आणि तो वाकवला होता माणसाच्या हाताने. माझी नळी सरळ होती आणि शेवटपर्यंत सरळ राहिली. छर्रा मी जिकडे तोंड असेल तिकडेच पाठवला.

हे ज्या एका माणसाला कळलं, ती होती मालकाची सून. अख्खा मेळा तिला सूनबाई म्हणायचा, म्हणून मीही म्हणते. कॉलेजात शिकलेली, लग्न होऊन मेळ्यात आली. तिचा नवरा मेळ्याच्या मोठ्या पाळण्याचं इंजिन सांभाळायचा. त्या धडधडीत राहून त्याला निम्मं ऐकू यायचं नाही आणि उरलेलं निम्मं तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्यामुळे गाळ्यावर मामंजी आणि सूनबाई, हीच जोडी. मामंजी म्हणजे तिचे सासरे, आमचे मालक.

आल्या आल्या तिनेही नेम धरून पाहिला होता आणि तिचेही छर्रे ताडपत्रीत गेले होते. मामंजींनी गालातल्या गालात हसत तिला गुपित सांगितलं. दुसरी कुणी असती तर हिशोब केला असता, की उजवीकडे जातो ना, मग थोडं डावीकडे धरू. पण मामंजी पक्के होते. चार चलाख गिऱ्हाइकांना तो हिशोब जमायला लागला की ते रातोरात काटे दुसऱ्या बाजूला वाकवायचे. मग सूनबाईने काय केलं? तिने काट्याकडे बघणंच सोडून दिलं.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण माझ्या आयुष्याचा सगळा अर्थ यातच आहे. ती दोन्ही डोळे उघडे ठेवायची. दस्ता दर वेळी खांद्याच्या त्याच खळग्यात आणि गालाच्या त्याच हाडाशी टेकवायची. मग मला विसरून जायची. बघायची फक्त फुग्याकडे; अख्ख्या फुग्याकडेही नाही, फुग्यावर दिव्याचा जो पांढरा ठिपका चमकतो तेवढ्याकडेच. आणि नजर तिथे टेकली की बोट आपोआप आवळायचं. तुम्ही तोंडात घास घालताना चमच्यावर नेम धरता का? अंधारात दिव्याचं बटण शोधताना हात आपसूक तिथेच जातो ना? अगदी तसं. बोटाने एखादी वस्तू दाखवावी तशी ती मला दाखवायची आणि फुगा फुटायचा.

मामंजींनी ते पाहिलं आणि लगेच धंद्याला जुंपलं. एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं, "तुमच्या बंदुकीतच काहीतरी खोट आहे," की ते हाक मारायचे, "सूनबाई, दाखव जरा साहेबांना."

सूनबाई पदर खोचून पुढे यायची आणि त्याच बंदुकीने, त्याच काट्याने, ओळीने फुगे फोडायची. गिऱ्हाइकाचं तोंड बंद. उलट ते इरेला पेटून आणखी छर्रे घ्यायचं. आणि सूनबाई त्याला गोड आवाजात सांगायची, "काटा खाचेत, खाच फुग्यावर, श्वास रोखा, हळूच चाप ओढा." हे पालुपद ती संध्याकाळभर इतक्या वेळा म्हणायची की त्याचा अर्थ तिच्या कानांपर्यंत पोचणंच बंद झालं होतं. दुकानदार "या, बसा" म्हणतो ना, तसं.

तिला मुलगी झाली. काटकुळी, लांब हातापायांची. मामंजींनी तिचं नाव ठेवलं सुतळी, आणि तेच पडलं.

सूनबाई आई म्हणून कशी होती, सांगू? तिचा अर्धा जीव कायम धाकधुकीत. पाळण्याची साखळी तुटली तर, विजेची तार उघडी राहिली तर, गर्दीत हात सुटला तर. ती बसल्या जागेवरून पोरीवर नजर ठेवायची आणि फुगे फुगवता फुगवता मोजून घ्यायची की पोर आहे ना, आहे ना. आमच्या बाबतीत तर तिचे नियम कडक. बंदूक रिकामी असली तरी भरलेली आहे असंच समजायचं. नळीचं तोंड फळ्याकडे, माणसाकडे कधीच नाही, थट्टेतसुद्धा नाही. डोळ्यांवर जाड चष्मा. छर्रे हाताळले की साबणाने हात धुतल्याशिवाय खायचं नाही. एकदा मामंजींनीच बोलता बोलता मला हातात फिरवलं, तर तिने गिऱ्हाइकांसमोर त्यांचं मनगट धरून माझं तोंड फळ्याकडे वळवलं. "मामंजी, नळी," एवढंच म्हणाली. ते ओशाळले, पण नंतर त्यांनी तसं केलं नाही.

सुतळी शाळेत जायला लागली तशी तिची एक अडचण झाली. मेळा गाव बदलायचा, की शाळा बदलायची. दर वेळी नवा वर्ग, नवी बाकं, आणि "ही कोण?" असं बघणारे तेच डोळे. आपली ओळख पटकन पटावी म्हणून पोरगी एकच गोष्ट सांगायची. "माझी आई एकही न चुकता फुगे फोडते." या नव्या गावात तिने त्याला एक शेपूट जोडलं: "मीपण फोडते."

आता फोडणं भाग होतं. दुपारी गाळे बंद असताना ती आईच्या मागे लागली. "आई, शिकव ना."

सूनबाईने आधी चष्मा चढवला, नळीचा नियम पाठ करून घेतला, पोरीला स्टुलावर उभं केलं, दस्ता तिच्या खांद्याला टेकवला. सगळं कसं अगदी जपून. आणि मग, मित्रांनो, तिच्या तोंडून ते पालुपद बाहेर पडलं. "काटा खाचेत, खाच फुग्यावर, श्वास रोख, हळूच चाप ओढ."

साखळीपासून साबणापर्यंत सगळ्यांवर जिची नजर, तिला हे सुचलं नाही. कसं सुचणार? तिने स्वतः किती तरी वर्षांत माझ्या काट्याकडे पाहिलंच नव्हतं. तो आहे, हेच ती विसरली होती.

सुतळी गुणी मुलगी. सांगितलेलं तंतोतंत करणारी. तिने काटा खाचेत आणला, श्वास रोखला, चाप हळूच ओढला. छर्रा उजवीकडे. पुन्हा. उजवीकडे.

"हात अजून लहान आहेत तुझे," सूनबाई म्हणाली. तिने माझ्या नळीखाली वाळूची पिशवी ठेवली. नेम आणखी स्थिर झाला आणि छर्रा आणखी नेमाने उजवीकडे जायला लागला. मी ओरडणार तरी कशी होते? माझ्याजवळ एकच आवाज आहे, आणि तो छर्रा सुटतानाचा.

रविवारी वर्गातली मुलं आपापल्या आईवडिलांसोबत मेळ्यात आली. "ही बघा, ही म्हणते मी फुगे फोडते." सुतळीने मला उचललं. सगळं बरोबर केलं आणि सगळे छर्रे चुकवले. पोरं हसली. एक म्हणाला, "आईने फुगवलेला फुगा आणि हिने फुगवलेली बढाई." मोठी माणसंही हसली, आणि तिला जे जमत नाही ते आपण करून दाखवू म्हणून त्यातले बाप एकेक करून पुढे सरसावले. त्या संध्याकाळी छऱ्यांचे डबे रिकामे झाले.

मामंजी खूश. "सुतळे, उद्यापासून रोज तूच आधी मारायचं. पोरगी चुकली की गिऱ्हाइकाला हुरूप येतो बघ. काय गं सूनबाई?"

सूनबाई फुग्यांना गाठी मारत होती. पोरगी दमलीय, एवढंच तिच्या मनात असावं.

आम्ही राहायचो टायरच्या दुकानामागच्या एका भाड्याच्या खोलीत. आम्हा तिघींना रात्री पेटीत कुलूपबंद ठेवायचे आणि सकाळी सूनबाई आम्हाला पुसायला काढायची. तशीच एका सकाळी मी तिच्या मांडीवर होते. मामंजी चहा पीत होते. सुतळी दाराशी बूट घालत होती.

"आई, डोळे तपासायला फार वेळ लागतो का गं?"

सूनबाईचा हात तिथल्या तिथे थबकला. "का? दुखतात? पाणी येतं? इकडे ये बघू."

"दुखत नाहीत. बिघडलेत." सुतळी बुटाच्या नाडीशी बोलत होती. "मी सगळं तू सांगतेस तसं करते. तरी छर्रा उजवीकडेच जातो. डावीकडे एकदासुद्धा गेला नाही, मी लक्ष ठेवलंय. म्हणजे मला जिथे दिसतं, तिथे ते नसतंच."

"असं कुठे असतं का वेडे."

"असतं. म्हणून मी आता चेंडू खेळायला जात नाही. आणि रस्ता ओलांडताना गाडी गेल्यावरसुद्धा थांबते. दिसते तिथे नसली तर?"

पुढच्या दुकानात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. सूनबाईने मान खाली करून माझ्याकडे पाहिलं. मला आठवत नाही एवढ्या काळानंतर तिने माझा काटा पाहिला. अंगठ्याचं टोक त्याला लावलं. मग तिने मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी बशीत पाहिलं.

"तू शाळेत जा," ती सुतळीला म्हणाली. "रस्ता ओलांडताना त्या टायरवाल्या काकांचा हात धर. मी सांगते त्यांना."

पोरगी गेली तशी ती वळली. "मामंजी, तिला सांगावं लागेल."

"सांग की. आणि ती शाळेत सांगेल. मग अख्खं गाव आपले काटे बघायला येईल."

"तिला वाटतंय तिचे डोळे वाकडे आहेत."

"चष्म्याच्या दुकानात घेऊन जा. ते तपासतील, ठीक आहेत म्हणतील. मिटलं."

"आणि संध्याकाळी पुन्हा छर्रा उजवीकडे गेला की? मग ती म्हणेल, दुकानवालाही खोटं बोलतो."

"अगं, सगळ्यांनाच नेम धरता आला पाहिजे असं कुठे आहे? तुला येतो ना, पुरे झालं एका घराला." मामंजी हसले. ती हसली नाही, हे बघून त्यांनी कप खाली ठेवला. "हे बघ, सूनबाई. तुझं लग्न, सुतळीच्या वेळचं बाळंतपण, तुझ्या सासूचं आजारपण, सगळं त्या काट्यांवर निभावलंय. मी कुणाचा गळा नाही कापला. हसत येतात, हसत जातात."

"आपली नाही हसली," सूनबाई म्हणाली. तिने मला पुसलं, गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. त्या दिवशी कपड्याची घडी माझ्याभोवती फार घट्ट बसली.

संध्याकाळी दिवे लागले. पाळणा फिरायला लागला. मामंजींनी फळीवर थाप मारली आणि घसा मोकळा केला. "या, या, आधी आमची सुतळी मारणार. तिच्यापेक्षा बरं ज्याला जमेल त्याने पुढे यावं." माणसं जमली. वर्गातली दोन-तीन तोंडंही होती. सुतळी स्टुलावर चढली. तिने मला उचललं, पण त्या दिवशी तिचे हात नेहमीसारखे नव्हते. चुकायचं हे तिला आधीच ठाऊक होतं. ती फक्त ते उरकायला आली होती. मित्रांनो, मी किती तरी हात ओळखते. रागावलेला हात, प्यायलेला हात, बायकोसमोर ऐट करणारा हात. पण एवढ्याशा पोरीचा हार मानलेला हात माझ्या लाकडाला सहन होईना.

"थांब," सूनबाई म्हणाली.

तिने मला पोरीच्या हातातून घेतलं. तोंड फळ्याकडे वळवलं, छर्रा काढून टाकला. तेवढ्यातही नियम मोडला नाही. मग फुग्यांची तार पिळायची पक्कड उचलली, माझा काटा तिच्यात धरला आणि मोडला. कट्‌ असा बारीक आवाज झाला. तुकडा छऱ्यांच्या थाळीत पडला. मला दुखलं का, असं विचाराल. बोटात रुतलेलं कुसळ निघतं तेव्हा दुखतं का, हे तुम्हीच सांगा.

"सुतळे, तुझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. हळू बोलायचं तिने ठरवलं असेल, पण पाळण्याच्या आवाजात हळू बोलून चालत नाही. सगळ्यांनी ऐकलं. "हा काटा वाकडा होता. मुद्दाम वाकवलेला. मला माहीत होतं आणि तरी मी तुला त्याच्याकडे बघायला शिकवलं."

मामंजी फळीला धरून उभे राहिले. गर्दीतून टोपी घातलेला एक माणूस पुढे आला. रोज येणारा, रोज हरणारा. "वाकडा होता म्हणजे? म्हणजे आम्ही इतके दिवस..."

"हो," सूनबाई म्हणाली.

"आणि तुम्ही मारायचात ते?"

"काट्याकडे न बघता."

"काहीतरीच. न बघता कुणी मारतं का?"

"काट्याकडे न बघता म्हटलं मी. फुग्याकडे बघते."

"मग मारा आता. बिनकाट्याची. बघू दे लोकांना."

सगळ्यांना वाटलं, आता सूनबाई पदर खोचणार. मलाही वाटलं. तिने मला परत सुतळीच्या हातात दिलं.

"ही मारेल."

"मी?" सुतळी म्हणाली. "आता तर नेम धरायलाच काही नाही."

"म्हणूनच. दोन्ही डोळे उघड. बंदुकीला विसर. तो लाल फुगा दिसतोय? त्यावर दिव्याचा पांढरा ठिपका आहे. तेवढाच बघ. मला तो बोटाने दाखवल्यासारखा बंदुकीने दाखव."

सुतळीने मला खांद्याला लावलं. तिला सवयीने एक डोळा मिटायचा होता. तिने तो मोठ्या कष्टाने उघडा ठेवला. तिच्या आईने तिला हात लावला नाही. ज्या बाईने त्या पोरीला कधी पायरीसुद्धा एकटीने उतरू दिली नव्हती, ती दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

चाप आवळला. छर्रा सुटला. फुगा तसाच.

गर्दीत खसखस पिकली. टोपीवाला म्हणाला, "घ्या."

पण सुतळी स्टुलावरच उभी राहून फळ्याकडे टक लावून बघत होती. लाल फुग्याच्या बाजूला ताडपत्रीत एक ताजं भोक पडलं होतं.

"आई," ती म्हणाली, "डावीकडे गेला."

"हो."

"आई, डावीकडे गेला गं." आणि ती हसायला लागली. लोक एकमेकांकडे बघू लागले. चुकलेल्या नेमावर इतकं खूश झालेलं पोर त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सूनबाईने मात्र तोंडावर हात धरला होता आणि तिचे डोळे भरले होते. त्या सगळ्या मेळ्यात सूनबाईला, सुतळीला आणि मलाच कळलं होतं, की त्या एका भोकाने एका मुलीला तिचे डोळे परत दिले.

त्यानंतरचे काही छर्रेही चुकले. एक वर, एक खाली, एक कुठे गेला ते देव जाणे. मग एक लागला. लाल नाही, शेजारचा पिवळा फुटला. सुतळीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिने तो नेम लागलेलाच धरला.

त्या संध्याकाळी बाकीचं जे झालं ते काही गोड नव्हतं, तेही सांगते. लोक भडकले. मामंजींना कपबश्या वाटाव्या लागल्या. टोपीवाल्याने अस्वल मागितलं. ते खाली उतरवलं तर पुढून पिवळं आणि मागून तपकिरी निघालं. त्याने दोन्ही बाजू बघितल्या आणि घड्याळावर समाधान मानलं. गर्दी पांगल्यावर सूनबाईने बाकीच्या दोन बंदुकांकडे हात नेला, तशी मामंजींनी पक्कड तिच्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, आता जुंपणार.

"माझ्या हाताने वाकवलेत," ते म्हणाले. "मीच मोडतो."

मोडताना ते कुणाकडे बघत नव्हते. मग त्यांनी सुतळीला विचारलं, "अगं, तो ठिपका कुठला म्हणाली तुझी आई? मला तर सगळा फुगाच चमकताना दिसतो."

पुढे गाळा चालला, पण पहिल्यासारखा नाही. सूनबाईचं पालुपद बदललं. "काटा नाही, खाच नाही, दोन्ही डोळे उघडे, बघा फक्त ठिपक्याकडे." बरेच जण चुकायचे, काही जणांचा लागायचा, आणि ज्याचा लागायचा तो आपल्या हाताकडे असा बघायचा, जणू तो आजच खांद्याला फुटलाय. बक्षिसं खरंच द्यावी लागायची, त्यामुळे घरात कुरबूर व्हायची. मामंजी अधूनमधून नव्या काट्यांची गोष्ट काढायचे. सूनबाई ऐकून घ्यायची आणि फुगे फुगवत राहायची. जे कानावर घ्यायचं नाही ते घ्यायचं नाही, ही विद्या ती नवऱ्याकडून शिकली असावी.

आता माझी स्प्रिंग ढिली झाली आहे. छर्रा फळ्यापर्यंत जातो, पण वाटेत दमतो. फळीवर नव्या बंदुका आल्या आणि मी मागच्या खुंटीवर गेले. कित्येक दिवस कुणी मला पुसत नाही. नळीवर धूळ बसते, दस्त्याला कीड लागते. ते मला आवडत नाही आणि मी ते लपवणार नाही. येणारेजाणारे वर बघून म्हणतात, "बिचारी, काटाच नाही हिला." परवा एका भल्या माणसाने तर सुतळीला सांगितलं, "मी फुकट नवा काटा बसवून देतो, पुन्हा कामाला येईल." सुतळी आता उंच झाली आहे, गाळा तीच बघते. ती म्हणाली, "काका, तेल असेल तर द्या. काटा नको."

मित्रांनो, तुमच्या हातात मोठी माणसं खूप गोष्टी देतील. त्यातल्या बऱ्याच सरळ असतील. पण तुम्ही सगळं बरोबर करूनही छर्रा रोज एकाच बाजूला जात असेल, तर लगेच आपल्या डोळ्यांना दोष देऊ नका. मोठ्याने विचारा. चारचौघांत विचारा. आणि जी मोठी माणसं हे वाचत असतील, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की पोराच्या हातात काही देण्याआधी ते स्वतः एकदा डोळ्यांसमोर धरून बघा.

मला पुसा. तेल द्या. माझं तोंड कोणत्याही जिवाकडे वळवू नका, मी रिकामी असले तरी. आणि माझी कीव करू नका. मी आजही जिकडे वळवाल तिकडेच छर्रा पाठवते, थोडा हळू जातो इतकंच.